ग्राउंड रनला तीन नंबरचा सिलिंडर तापतोय, काउलिंगची तोंडं मोठी करू का?

अंबडची_पत्रेवाली

नमस्कार मंडळी, पोस्ट लांबलचक आहे, आधीच माफी मागते. मी आणि माझा भाऊ गेली पाच वर्षं दोन सीटचं विमान बांधतोय. आमचं अंबडला पत्र्याचं फॅब्रिकेशन आहे, त्यामुळे बॉडी, पंख, रिव्हेट हे सगळं हातचं काम, पण इंजिनात आम्ही दोघंही शिकाऊ. इंजिन लायकमिंग ओ-३२०, १५० हॉर्सपॉवर, एका जुन्या सेसना १७२ मधून निघालेलं, टॉप ओव्हरहॉलनंतर (म्हणजे सिलिंडर उघडून केलेल्या दुरुस्तीनंतर) ४० तास चाललेलं असं कागदावर आहे. अजून उडवलेलं नाही आणि परवानगी हातात आल्याशिवाय उडवणारही नाही, तेव्हा कृपया त्यावर लेक्चर नको.

सिन्नर रोडला मित्राच्या शेडबाहेर ग्राउंड रन घेतो. शेपटीला साखळी, साखळी ट्रॅक्टरला, ट्रॅक्टरच्या चाकाला दगड. सकाळी साडेसहाला, तेव्हा २४ डिग्री असतं. १८०० आरपीएमला पाच मिनिटं ठेवलं की सिलिंडर हेडचं टेंपरेचर असं येतं: १ नंबर १८८, २ नंबर १८४, ४ नंबर १९२ आणि ३ नंबर थेट २३१. सगळे सेल्सिअस. ऑइल मात्र ८४ च्या पुढे गेलेलं नाही.

टेंपरेचर मोजणारा प्रोब खराब असेल म्हणून चारही काढून उकळत्या पाण्यात बुडवून बघितले, चारही ९७-९८ दाखवतात. म्हणजे प्रोब ठीक. मग राहिलं काय, तर हवा कमी पडतेय. काउलिंगची, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाची, हवा आत घेणारी समोरची दोन तोंडं दीड पट मोठी करायचा विचार आहे, फायबरचं काउलिंग आहे, कापायला एक दुपार पुरे. पण भाऊ म्हणतो एकदा कापलं की कापलं, आधी विचार. म्हणून विचारते.

सातपूर_गॅरेज

ताई काउलिंग काढून चालवून बघा, मोकळी हवा लागली की आपोआप थंड होईल. नाहीतर समोर मारुतीचा रेडिएटर फॅन बसवा, बारा व्होल्टचाच असतो. आमच्याकडे गाडी तापली की पहिलं काम बॉनेट उघडायचं.

ओझरकर_निवृत्त

गॅरेजवाले, तुमचा हेतू चांगला आहे पण या इंजिनाला हे उलटं पडेल. गाडीत पाणी फिरतं, इथे फिन्समधून, म्हणजे सिलिंडरवरच्या पातळ पट्ट्यांमधून, हवा *ढकलावी* लागते. वरच्या बाजूला हवा कोंडायची, खालच्या बाजूला मोकळं ठेवायचं, की दाबातल्या फरकाने ती फिन्सच्या फटींतून खाली उतरते. काउलिंग काढलं तर हवा इंजिनाच्या आजूबाजूने निघून जाते, फिन्सच्या मुळाशी जातच नाही. ताई, काउलिंग काढून लांब रन अजिबात घेऊ नका.

माझी ओळख, एचएएल ओझरला ३४ वर्षं काढली, इन्स्ट्रुमेंट शॉप. इंजिनं आमच्याकडे बनत नव्हती, मिगची इंजिनं कोरापुटहून यायची, त्यामुळे तुमच्या पिस्टन इंजिनावर मी फार बोलणार नाही. पण मीटर खोटं बोलतो कसा, हेच बघण्यात माझी सगळी नोकरी झाली. म्हणून दोन प्रश्न. एक, प्रोबची वायर मीटरपर्यंत कंपनीचीच गेली आहे की मध्ये जोड आहे? दोन, जोड असेल तर कोणत्या वायरचा आणि नेमका कुठे?

अंबडची_पत्रेवाली

काका, जोड आहे. प्रोबच्या वायरी आखूड पडल्या. फायरवॉलचं (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याचं) भोक उजव्या बाजूला आहे, तिथपर्यंत फक्त ३ नंबरची पोचली (तो उजवीकडचा मागचा), ती थेट मीटरला गेली. बाकी तिघींना साधी तांब्याची वायर जोडली, चांगली सोल्डर करून, वर स्लीव्ह. जोड इंजिनाच्या बाजूलाच आहेत, फायरवॉलच्या पुढे. पण उकळत्या पाण्यात सगळे सारखेच आले ना?

ओझरकर_निवृत्त

हेच ऐकायचं होतं. बाळा, तुझा ३ नंबर तापत नाहीये, तो एकटा खरं बोलतोय.

तुझा प्रोब म्हणजे थर्मोकपल, दोन वेगळ्या धातूंच्या तारांची जोडी. तो तापमान मोजत नाही, दोन टोकांमधला फरक मोजतो. मीटरला वाटतं दुसरं टोक माझ्याजवळ आहे, तो स्वतःच्या जागेचं तापमान त्यात मिळवतो आणि आकडा दाखवतो. तू तांबं जोडलंस तिथे थर्मोकपल संपला. म्हणजे दुसरं टोक आता पॅनेलमागे नाही, काउलिंगच्या आत गरम हवेत आहे. तिथे पाच मिनिटांत ७०-८० सहज होत असणार, मीटर मात्र ३०-३५ धरून चाललाय. तेवढा फरक तुझ्या आकड्यातून गायब. १८८ मध्ये ४० मिळव बघू.

आणि पाण्याच्या टेस्टमध्ये का नाही सापडलं? कारण तेव्हा इंजिन गार होतं, प्रोब उकळत्या पाण्यात पण जोड सकाळच्या हवेत. जोड आणि मीटर एकाच तापमानाला, मग चूक शून्य. टेस्ट बरोबर केलीस, फक्त अर्धी केलीस. आता चहाच्या पातेल्यात प्रोब ठेव आणि जोडावर हेअर ड्रायर मार, आकडा तुझ्या डोळ्यांदेखत खाली येईल.

प्रोब ज्या टाइपचा, त्याच टाइपची एक्स्टेंशन वायर घे, जे ला जे, के ला के. अजून एक, अमेरिकन रंगात लाल वायर *निगेटिव्ह* असते. आपला इलेक्ट्रिशियन लाल बघितली की प्लसला लावतो, त्याने दरवर्षी कोणाचा तरी आठवडा वाया जायचा.

पिंपळगावचा_बागायतदार

मला विमानातलं काही कळत नाही पण थ्रेड भारी चाललाय. ताई, हवाच पाहिजे असेल तर माझ्याकडे द्राक्षबागेत औषध फवारायचा ब्लोअर आहे, ट्रॅक्टरच्या मागे लावायचा, छाटणीपर्यंत रिकामाच उभा आहे. समोर लावला तर विमानाला वाटेल आपण उडतोय 😄

अंबडची_पत्रेवाली

काका दंडवत घ्या. हेअर ड्रायर मारला आणि १ नंबर ९८ वरून ६१ वर आला, भाऊ आणि मी एकमेकांकडे बघतच राहिलो. के टाइपची वायर मागवली, तिन्ही बदलल्या, आज सकाळी परत रन. १८०० ला पाच मिनिटं, १ ते ४ क्रमाने: २२६, २२१, २३०, २२९.

म्हणजे एका सिलिंडरचं दुखणं होतं ते चारांचं झालं! आता तर तोंडं मोठी करायलाच लागतील ना?

ह्यूस्टनचा_नाशिककर

थांब थांब, करवत खाली ठेव. मी पंचवटीचा, सध्या टेक्सासला, माझ्याकडे स्वतः बांधलेलं आरव्ही (किटचं छोटं विमान) आहे, हेच इंजिन, आणि हीच चूक मी केलीय. तोंडं मोठी केली, टेंपरेचर दोन डिग्रीही हललं नाही, मग ती परत फायबर लावून लहान केली, रंगकामासकट.

आधी जरा धीर. २३० म्हणजे आमच्या भाषेत ४४६ फॅरनहाइट. लायकमिंगची हेडची लाल रेघ ५०० ला, म्हणजे २६० सेल्सिअस. रेघेच्या आत आहेस, पण तिथे मुक्काम करायचा नसतो, क्रूझला ४३५ च्या खाली ठेवा असं कंपनीच म्हणते, आम्ही बहुतेक जण ४०० च्या खाली, साधारण २०४ सेल्सिअस, ठेवतो, कारण त्याच्या वर अॅल्युमिनियमची ताकद उतरायला लागते. आणि जमिनीवरच्या आकड्यावरून हवेतला निकाल लावू नकोस. १०० नॉट्सला समोरून येणाऱ्या हवेचा दाब १६५ मिलिमीटर उंच पाण्याच्या दाबाइतका असतो, ७५ नॉट्सच्या क्लाइंबला साधारण ९३. जमिनीवर प्रोपेलरच्या मुळाशी, जिथे आपली तोंडं असतात तिथे, पंख्याची पाती हवा मारतच नाहीत म्हटलं तरी चालेल. वीसेक मिलिमीटर मिळाले तर नशीब. त्यामुळे उभ्या विमानात सगळेच तापतात, म्हणून रन छोटा, तोंड वाऱ्याकडे. नाशिकला एप्रिल-मेमध्ये पश्चिमेचा वारा असतो ना, मग नाक त्र्यंबककडे कर.

पण तुझा आकडा जमिनीच्या मानानेही जास्त आहे हे खरं. तेव्हा अंदाज सोड आणि मोज. गवंड्याची लेव्हलची नळी माहितीये ना, पारदर्शक? तीच घे. यू आकारात फळीवर बांध, अर्ध्यापर्यंत पाणी, त्यात कुंकू टाक म्हणजे दिसतं. एक टोक मोकळं, दुसरं इंजिनाच्या वरच्या बाजूला. आत गरम असतं, नळी वितळेल, म्हणून आतला तुकडा बारीक अॅल्युमिनियम पाइपचा लाव, त्याचं टोक चेपून *बंद* कर आणि कडेला चार-पाच बारीक भोकं पाड, नाहीतर हवेचा झोत सरळ तोंडात शिरतो आणि आकडा फसवतो. मग तसंच खालच्या बाजूला. फरक फार छोटा येतो, म्हणून फळी तिरकी ठेव, लांबीला पाच उंचीला एक अशी, म्हणजे एक मिलिमीटरचे पाच दिसतील.

वरचा दाब कमी आला तर तोंडांचा प्रॉब्लेम. खालचा जास्त आला तर बाहेर जायच्या वाटेचा. बस एवढं कळू दे, मग बोलू.

ओझरकर_निवृत्त

हे उत्तम. मोजायची वस्तू रविवार कारंजावर मिळत असेल तर महागडं काही घेऊ नये. मोकळं टोक मात्र प्रोपेलरच्या वाऱ्यात ठेवू नका, बाजूला आडोशाला न्या. आणि नळीत बुडबुडा राहू देऊ नका, गवंड्याच्या भिंती वाकड्या होतात त्या बुडबुड्यानेच.

फक्त_वाचतो

जाता जाता, मॅग्नेटोचं (ठिणगी देणाऱ्या भागाचं) टायमिंग बघितलं का? मी एएमई, म्हणजे विमान दुरुस्तीचा इंजिनिअर आहे, आमच्याकडे एक इंजिन असंच तापायचं, टायमिंग चार डिग्री पुढे निघालं. बहुतेक ओ-३२० ना २५ डिग्री असतं पण डेटा प्लेटवर काय लिहिलंय तेच धरा. इनटेक पाइपच्या गास्केटला गळती असली तरी मिक्स्चर लीन होऊन (हवा जास्त, पेट्रोल कमी) तापतं. दोन्ही तपासायला अर्धा दिवस.

ओव्हरहॉलला ४० तास झालेत म्हणून बरं. नव्या रिंगा असत्या तर जमिनीवर इतके रन घेऊच नका म्हटलं असतं, सिलिंडरला काचेसारखी चकाकी येते आणि रिंगा बसतच नाहीत.

बाकी परवानगीच्या लाइनीत धीर धरा. अमोल यादवांनी कांदिवलीला गच्चीवर बांधलेलं विमान २०१६ ला बीकेसीच्या मेक इन इंडियात लोकांनी बघितलं, व्हीटी-एनएमडी हा नोंदणी नंबर मिळायला २०१७ उजाडलं.

अंबडची_पत्रेवाली

टायमिंग २५ वर बरोबर निघालं, गास्केटला साबणाचं पाणी लावून बघितलं, गळती नाही.

आता नळीचा निकाल. १८०० आरपीएम, बाहेरच्या हवेच्या तुलनेत, तिरक्या फळीचा हिशोब करून: वर १७ मिलिमीटर, खाली ९. म्हणजे फरक फक्त ८. तीन वेळा घेतलं, तेच.

मग ह्यूस्टनच्या दादांचं वाक्य आठवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा खाली झोपून बाहेर जायचं तोंड मोजलं. समोरची दोन मिळून २६० चौरस सेंटिमीटर. खालचं तोंड ड्रॉइंगवर ३३०, आम्ही खूश होतो की मोठं आहे. पण त्यातून दोन एक्झॉस्ट पाइप जातात, नाकाच्या चाकाचा पाय जातो, आणि केबिन हीटरची जाडजूड नळी, जी मी स्वतः जागा दिसली म्हणून तिथून काढलेली! सगळं वजा केलं तर २३५ च्या आसपास उरतं. जेवढं आत येतं त्यापेक्षा बाहेरचं दार लहान.

ह्यूस्टनचा_नाशिककर

झालं, सापडलं! वर १७ म्हणजे जवळपास सगळा दाब तुला आधीच मिळतोय, तोंडं फाडली असतीस तरी १७ चे १८ झाले असते. कोंडी खाली आहे.

आणि बाहेरचं तोंड आतल्याएवढं असूनही भागत नाही, कारण हवा तापली की फुगते. ४० डिग्रीची हवा फिन्समधून जाऊन ११० झाली तर तिला साधारण बावीस टक्के जागा जास्त लागते. नाशिकच्या मे महिन्यात तर आधीच पातळ हवा, ६०० मीटर उंची आणि चाळिशीचा पारा धरला तर इंजिनाला ती पाच हजार फुटांच्या वरची वाटते.

काय करशील: हीटरची नळी तिथून हलव. फायरवॉलचा खालचा काठ बघ, काटकोनात असेल, हवा तिथे आपटून घुटमळते. तुम्ही पत्रेवाले, पाच-सहा सेंटिमीटर त्रिज्येचा गोल पत्रा वाकवून तिथे लाव, हवा घसरून बाहेर जाईल. आणि बाहेरच्या तोंडाच्या पुढच्या काठाला खाली झुकलेली छोटी पट्टी, ती मागे हवा ओढून घेते. हिची हवेत थोडी किंमत द्यावी लागते, ड्रॅग वाढतो, म्हणून स्क्रूवर लाव, पुढे काढता येईल.

दुसरं काम फटी. रात्री शेडमधले दिवे घालव, खालून इंजिनाखाली बल्ब सोड आणि समोरच्या तोंडातून आत बघ. फिन्समधून उजेड आला तर ठीक, पण बॅफल (हवा अडवून फिन्सकडे वळवणारे पत्रे) आणि क्रँककेस (इंजिनाचा मधला डबा) यांच्या मधून, ऑइल कूलरच्या कडेने उजेड दिसला की तिथून तुझी हवा पळतेय. लाल आरटीव्हीने (उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉन लांबीने) बुजव. काउलिंगला टेकणारी सिलिकॉनची पट्टी सगळीकडे टेकते का ते बघायला तिच्या काठाला ग्रीस लाव, काउलिंग बसव, काढ, जिथे ग्रीसचा डाग उमटला नाही तिथे फट.

आणि ३ नंबर खरंच थोडा जास्त आहेच, बघ, २३०. या इंजिनात ३ नंबरच्या मागच्या आणि २ नंबरच्या पुढच्या बाजूला हेडच्या फिन्स जवळपास नाहीतच, सपाट. मागचा बॅफल त्याला चिकटून बसला की हवेला खाली जायला वाटच उरत नाही. बॅफल आणि हेडच्या मध्ये एक जाड वॉशर टाकून तो जरा मागे सरकव. एवढा सोपा उपाय आहे की लोकांना खोटा वाटतो.

पिंपळगावचा_बागायतदार

म्हणजे आमच्या कांदाचाळीसारखंच की. खालून हवा कितीही घ्या, वरून निघाली नाही तर कांदा सडतो. पण ब्लोअर घेऊन जा हो, मला खरंच बघायचंय.

अंबडची_पत्रेवाली

दादा ब्लोअर आणला, आणि कामाला आला! इंजिन बंद ठेवून तो लांबून हळू चालवला, समोरच्या तोंडाशी भावाने उदबत्त्यांचा अख्खा पुडा धरला, आणि मी खाली झोपून धूर कुठून येतो ते बघत होते. बल्बने पाच फटी दिसल्या होत्या, धुराने सहावी दिसली, ऑइल कूलरच्या मागे, हात आत जात नाही अशा जागी. आई शेडवर डबा घेऊन आली होती, तिला वाटलं आम्ही विमानाची पूजा घातली, चपला काढूनच आत आली.

बल्बची रात्र मात्र विसरणार नाही. आम्हाला वाटायचं आमचे बॅफल म्हणजे घड्याळाच्या केससारखे फिट, अंबडमध्ये आमच्या कामाचं नाव आहे. दिवे घालवले आणि क्रँककेसच्या कडेने बोटभर रुंद उजेडाची रेघ! पत्रा आम्ही इंजिन गार असताना, काउलिंगशिवाय, टेबलावर मापं घेऊन कापलेला. इंजिन रबरी माउंटवर हलतं, हे लक्षातच घेतलं नव्हतं. भाऊ पंधरा मिनिटं काही बोलला नाही.

मग चार दिवसांत: हीटरची नळी बाजूने काढली, फायरवॉलला गोल पत्रा (६ सेंटिमीटर त्रिज्या, पहिला वाकवताना चिरला, दुसरा बसला), खाली पट्टी, फटी बुजवल्या, ३ च्या मागे आणि २ च्या पुढे वॉशर. समोरची तोंडं जशीच्या तशी.

आज सकाळी साडेसहा, २५ डिग्री, नाक पश्चिमेला, १८०० ला पाच मिनिटं. नळी: वर १८, खाली १. हेड: १९८, १९६, २००, २०१.

ऑइल मात्र ८४ वरून ८८ झालं. हे का?

ह्यूस्टनचा_नाशिककर

भारी!! फरक ८ चा १७ केलास, काउलिंगला करवत न लावता. ८८ ची काळजी नको, कमाल ११८ आहे, आणि ८२ ते ९३ मध्ये ऑइल असलेलं चांगलंच, त्यातलं पाणी उडून जातं. चार डिग्री कशाने वाढलं ते मात्र शोध. कूलरमागची ती सहावी फट बुजवलीस तेव्हा आरटीव्ही कूलरच्या जाळीवर तर नाही ना सांडलं? आरसा घालून बघ.

अंबडची_पत्रेवाली

आरसा घातला. सांडलंय. दोन ओळी पूर्ण बंद, भावाच्या अंगठ्याचा ठसा पण आहे त्यावर. उद्या दाभण घेऊन खरवडते.

पिंपळगावच्या दादा, ब्लोअर रविवारी सकाळी आणून देते. टाकीत तळाला थोडं औषध राहिलेलं दिसतंय, त्याला आम्ही हात लावलेला नाही, तुम्हीच रिकामं करा.

पिंपळगावचा_बागायतदार

राहू द्या ताई, घाई नाही. रविवारी मीच येतो न्यायला, पोराला पण आणतो. रन सकाळी साडेसहालाच असतो ना?